खरवडलेला नंबर

सोनियानं दार उघडलं आणि त्या माणसाला जवळजवळ ओढूनच आत घेतलं. समोरच्या ओट्यावर काकू लसूण सोलत बसल्या होत्या. काकूंचे हात लसणावर असायचे आणि डोळे गल्लीभर फिरायचे. कोण आलं गं, असं त्यांनी विचारायच्या आत कडी लागायला हवी होती, आणि ती लागली. मग तिला आठवलं की त्याच्या चपला बाहेरच राहिल्या. तिनं पुन्हा दार किलकिलं करून त्याही आत ओढून घेतल्या.

"असू द्या हो, ताई," तो माणूस हसून म्हणाला. "सगळ्या घरांत असंच असतं."

पन्नाशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, तोंडात वेलदोडा. बोलणं इतकं मऊ की दार उघडेपर्यंत छातीत चाललेली सोनियाची धडधड तिथंच अर्धी कमी झाली. गेला महिनाभर तिच्याशी कुणी असं बोललंच नव्हतं. डॉक्टर बोलायचे ते अंगावर आल्यासारखे, आणि आईचा फोन आला की आधी रडणं आणि मग सल्ले.

डॉक्टर शेवटचं बोलले होते ते विश्वजीतला दवाखान्यातून सोडताना. यकृत कामातून गेलंय, आता एक घोटसुद्धा चालायचा नाही, आणि घेतलाच तर पेशंटला परत इथं आणू नका, आणून काही उपयोग नाही. सोनियानं ते मान खाली घालून ऐकलं आणि गल्लीत येऊन सांगितलं की ह्यांना कावीळ झालीय. काकूंनी आपणहून उसाचा रस सुचवला. तो रसही तिनं दोनदा आणला, खोटं अंगाशी येऊ नये म्हणून.

त्याच दवाखान्याच्या जिन्यात, वळणावर, तिला ते स्टिकर दिसलं होतं. दारू सोडायची आहे, फोन करा, आणि खाली नंबर. कुणीतरी नाण्यानं खरवडून काढायचा प्रयत्न केलेला. पोरांचे उद्योग, दुसरं काय. तिनं मान वाकडी करून उरलेल्या रंगातून नंबर जुळवला आणि मोबाइलमधे 'पार्लर' या नावानं ठेवून दिला. चार दिवस धीर होईना. आज दुपारी मोरीत नळ सोडून तिनं फोन केला, तो पहिल्याच रिंगला उचलला गेला. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी तो म्हणाला की मी येतो संध्याकाळी, आमची मिटिंग असते, मीच घेऊन जातो त्यांना. आणि आमच्यात नाव, आडनाव काही विचारत नाहीत, त्यामुळं तुम्ही निर्धास्त राहा. आता ज्या बाईनं नवऱ्याची कावीळ गल्लीभर सांगितलीय, तिला हा नियम ऐकून किती बरं वाटलं असेल, ते काय सांगायचं.

विश्वजीत खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांतला पिवळेपणा अजून उतरला नव्हता. दारापाशी त्याचे वडील, कारभारी. मुलगा दवाखान्यातून आला तसे ते करमाडजवळच्या गावाहून इथं येऊन राहिले होते आणि रात्री दाराला आडवं अंथरूण टाकून झोपत होते, म्हणजे पोरगं बाहेर पडायला लागलं तर अंगावरूनच जावं लागेल.

"पाहुणे कुठले म्हणायचं?" कारभारींनी विचारलं.

"आबा," सोनिया घाईनं म्हणाली, "यांच्यात असं विचारायचं नसतं."

"आन् गाव? गाव बी नाय?"

"काहीच नाही, आबा."

म्हाताऱ्याला ते पटलं नाही. उभ्या जन्मात त्यांनी गाव न विचारता कुणाला घरात पाणी दिलं नव्हतं. गाव कळलं की कुळ कळतं, कुळ कळलं की कुणी ना कुणी ओळखीचं निघतं, आणि मग माणूस कसा ते विचारायला जागा होते. पण सुनेनं डोळ्यांनी दटावलं, तसे ते गप्प बसले.

तो माणूस खाटेवर विश्वजीतच्या शेजारीच बसला, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"शेवटची कधी घेतली?"

"दवाखान्याच्या आधी," विश्वजीत म्हणाला.

"आणि शेवटची लपवली कधी?"

तो माणूस उत्तरासाठी थांबला नाही. त्यानं खोलीभर एकदा नजर फिरवली, कोपऱ्यात थंडीमुळं बंद ठेवलेला कूलर होता त्याच्याकडं गेला, बाजूची जाळी काढली आणि गवतात हात घालून क्वार्टरची बाटली बाहेर काढली. भरलेली होती. सोनियानं दोन्ही हात तोंडावर धरले. तिनं सगळं घर उलथंपालथं केलं होतं, पिठाचे डबे चाळले होते, संडासातली टाकी बघितली होती.

"तुम्हाला कसं कळलं?" विश्वजीतनं विचारलं.

"मी पण तिथंच ठेवायचो."

विश्वजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यात सुया टोचताना तो रडला नव्हता, बाप येऊन पायाशी बसला तेव्हाही रडला नव्हता. सोनियाला वाटलं, सुटलो आपण. देवच आला घरात, चपला आत घेतल्या ते बरं झालं.

कारभारी बाटली घ्यायला पुढं झाले. "द्या हिकडं. मोरीत वततो."

"नको आबा, घरात ओतू नका. वास राहतो, आणि वासानंच माणूस जातो. मी फेकतो बाहेर कुठंतरी." त्यानं बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. "मिटिंग पुंडलिकनगरला असते, शाळेत. एक सांगतो, पहिल्या दिवशी घरच्यांनी मागं यायचं नाही. घरचं माणूस दिसलं की हा मोकळा होणार नाही."

विश्वजीतनं निळा स्वेटर घातला. जाताना त्यानं सोनियाच्या डोक्यावर हात ठेवला, लग्नाच्या पहिल्या वर्षी ठेवायचा तसा. त्या माणसाच्या गाडीचा आवाज मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला लागला आणि मग ऐकू येईनासा झाला.

सोनियानं चहा टाकला. कारभारी दाराशीच बसून होते. चहा गार झाला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"पोरी, पुंडलिकनगर त्या अंगाला ऱ्हायलं ना?"

"हो."

"मंग गाडी हिकडं कशी गेली?"

"पेट्रोल भरायचं असेल, आबा."

"असंल." त्यांनी गार कप बाजूला सरकवला. "बैल कुणाकडं ठिवायचा तरी आपुन गोठा बघून येतो. हितं पोरगं दिलं, आन् मान्साचं नाव ठावं नाय."

"ते म्हणाले ना, मागं यायचं नाही."

"त्ये म्हनले. म्या कुठं म्हनलो?"

सोनिया त्यांना समजावणारच होती, तेवढ्यात तिची नजर खिडकीत गेली. संध्याकाळच्या गोळ्या तशाच पडल्या होत्या. तिनं त्या उचलून पर्समधे टाकल्या. चला, निमित्त तरी मिळालं.

नाक्यावर अल्तमशची रिक्षा उभी होती. गल्लीतली पोरं तोच शाळेत सोडायचा, त्यामुळं सगळी घरं त्याच्या माहितीतली.

"पुंडलिकनगर में किधर, भाभी?"

"शाळेत. पालकसभा आहे."

"इतवार को पालकसभा?" अल्तमशनं आरशातून एकदा तिच्याकडं आणि एकदा कारभारींच्या फेट्याकडं बघितलं. मूल नसलेल्या घरातली पालकसभा. पण तो भला माणूस, पुढं काही बोलला नाही. उतरताना एवढंच म्हणाला, "मैं रुकूँ क्या?" आणि ती नको म्हणाली. त्याच्यासमोर त्या दारातून आत जायची तिची तयारी नव्हती.

शाळेचं पुढचं फाटक बंद होतं. दोघं भिंतीच्या कडेकडेनं फिरली. कुठं पाटी नाही, दिवा नाही. सोनिया एका किराणा दुकानापाशी थांबली आणि तिला शब्दच सुचेना. "इथं ती... रविवारची... एक सभा असते ना," असं काहीतरी ती पुटपुटली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली तशी ती घामेजली. शेवटी कारभारींनीच काम केलं. रानात हाळी द्यावी तशा आवाजात त्यांनी विचारलं,

"दारू सोडायची मिटिंग कुठं भरती हो?"

दुकानदारानं साखर तोलता तोलता, मान वर न करता सांगितलं, "मागच्या गेटनं जा. शेवटचा वर्ग."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. महिनाभर आपण कुणापासून काय लपवत होतो, असा विचार सोनियाच्या मनात आला, पण तो पुरा करायला वेळ नव्हता. मागच्या गेटातून आत आल्यावर एकाच वर्गात उजेड दिसत होता.

मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे वर घेऊन बसली होती. एक बाईही होती. फळ्यावर शुक्रवारचा सुविचार तसाच होता. सगळ्यांनी यांच्याकडं बघून नमस्कार केला, जसं काही यांचीच वाट बघत होते. सोनिया निळा स्वेटर शोधत होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिनं बघितलं, मग उलटं बघितलं.

"बसा, ताई," समोरच्या खुर्चीतला माणूस उठून म्हणाला. पांढऱ्या मिशा, कंपनीतून निवृत्त झालेला वाटावा असा. "मी सांडू. कुणासाठी आलात?"

"माझ्या मिस्टरांना घेऊन आले ना तुमच्यातले एकजण? विश्वजीत. मघाशीच निघाले घरून."

"आमच्यातलं कोण?"

"नाव नाही विचारलं. तुमच्यात विचारत नाहीत म्हणाले."

"आडनाव इचारत नाय, ताई. नाव सांगतोच की आम्ही." सांडूंनी बाकांकडं बघितलं. "आज कुणी गेलं होतं का कुणाच्या घरी?"

कुणी गेलं नव्हतं. सोनियानं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. दवाखान्याच्या जिन्यातलं स्टिकर, पहिल्याच रिंगला उचललेला फोन, इस्त्रीचा शर्ट, कापडी पिशवी. वेलदोड्याचं सांगितलं तेव्हा सगळ्या वर्गात कुणी हललं नाही. कूलरमधल्या बाटलीचं सांगितलं तेव्हा ती बाई म्हणाली, "बाटली कुठंय?"

"ते घेऊन गेले. फेकतो म्हणाले."

बोलता बोलता सोनियाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ती बाकावर बसली.

"अभय," सांडू म्हणाले. ते तिच्या समोरच्या बाकावर टेकले. "ताई, त्यो आमचाच मानूस. ग्रुपचा फोन लई वर्षं त्याच्याकडंच हुता. मला बी त्यानंच आनलं हितं, असाच घरी येऊन. मी बाटली माळ्यावर देवाच्या पेटीत ठिवायचो, ती बी त्यानंच काढली. ह्या खोलीतली अर्धी मानसं त्यानं आनलेली हायेत."

"मग?"

"मंग त्यो परत प्यायला लागला. आमी नंबर बदलला. दवाखान्यात, स्टेशनात, जिथं जिथं त्याचा नंबर हुता तिथं जाऊन खरवडला. समदा नाय निघाला वाटतं."

"पण मग फोन उचलायचा कशाला त्यांनी?" सोनियाचा आवाज चढला. "घरी कशाला यायचं? पोटच्या पोरीशी बोलावं तसं बोलले माझ्याशी. काय मिळतं त्यांना?"

सांडूंनी बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"एकट्याला पिववत नाय त्याला. पयल्यापासून नाय."

कारभारी अजून उभेच होते. त्यांनी विचारलं, "तुमी त्याला आनायला गेला न्हाई का कुनी?"

"गेलते. दिवाळीच्या आधी दोघं गेलते." सांडू खाली बघून म्हणाले. "एक परत आला."

सोनियानं फोन काढला. विश्वजीतला लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि तिनं आशा सोडायच्या बेतात असताना त्यानं उचलला. तिनं स्पीकर चालू केला.

"कुठं आहात तुम्ही?"

"मिटिंगमधे," विश्वजीत म्हणाला. आवाज नितळ होता, आनंदी होता. मागं कुठं माणसांचा आवाज नाही, वारा तेवढा होता. "सोनू, फार बरं वाटतंय गं. सगळं बोललो मी आज."

"कोणकोण आहे तिथं?"

"आम्ही दोघंच. दोघं बसले तरी मिटिंग होते, ते म्हणाले."

एका बाकावरच्या माणसानं डोळे मिटून घेतले. ते वाक्य या खोलीतच शिकवलेलं होतं.

"पिलात का तुम्ही? खरं सांगा."

"नाही गं, शप्पथ. समोर ठेवलीय फक्त. आधी तिच्यासमोर बसून बोलायला शिकायचं असतं."

सांडूंनी तिच्या हातातून फोन हळूच काढून घेतला.

"इश्वजीत, फोन अभयला दे बाळा."

फोन या हातातून त्या हातात गेल्याची खसखस झाली.

"अभय, मी सांडू. कुठं बसलाय सांग. मी येतो."

मग तोच मऊ आवाज आला, जरासा भरून आल्यासारखा. "खरंच येतोस? ये ना. गोडाऊनच्या मागं, आपली जागा. किती दिवस वाट बघतोय मी तुझी."

फोन बंद झाला. सांडूंनी तो सोनियाला परत दिला आणि खिशातून स्कूटरची किल्ली काढली.

"माझ्यासंगं कोन चालतं?" त्यांनी विचारलं. "एकट्यानं नको."

कुणी उठलं नाही. भित्री माणसं नव्हती ती. एकजण स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला, दुसऱ्यानं मनगटावरचा दोरा फिरवायला घेतला. ती बाई पदराचं टोक चुरगाळत होती आणि तिच्या गालावरून पाणी चाललं होतं. तिकडं गेलो तर काय होईल याची प्रत्येकाला भीती होती, आणि ती भीती अभयची नव्हती, स्वतःचीच होती.

"म्या येतो," कारभारी म्हणाले. "म्या कंदी तोंडाला लावली नाय. तिचा वास बी मला सोसत नाय."

सांडूंनी म्हाताऱ्याचा दंड धरला. वाटेनं आधार लागतो तो म्हाताऱ्याला, पण इथं कोण कुणाला धरत होतं ते सगळ्यांना दिसलं.

"मी पण येते," सोनिया उठली.

"स्कूटरवर दोघंच मावतो, ताई, आन् येळ नाय. तुमी हितं बसा. एक काम करा माझं." त्यांनी एक नंबर सांगितला. "माझ्या मंडळीचा हाय. सरूबाई. आमी येळंत आलो नाय, तर तिला लावा. नुसतं सांगा, सांडू अभयकडं गेलाय. तिला समजंल."

दोघं अंधारात गेले. स्कूटर दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा चालू झाली. वर्गात कुणीतरी म्हणालं की आपण चालू ठेवू, आणि एका माणसानं खाकरून बोलायला सुरुवात केली, पण त्याचं लक्ष दाराकडं होतं.

सोनिया बाहेर व्हरांड्यात आली. वेळेत म्हणजे किती वेळ, हे विचारायचं राहून गेलं होतं. ती थांबली नाही. तिनं तो नंबर तिथल्या तिथं लावला.

"कोन?" पलीकडून बाईचा आवाज.

"तुम्ही मला ओळखत नाही, मावशी. मी शाळेतून बोलतेय. सांडूकाका अभयकडं गेलेत."

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"कशापायी गेले?"

"माझ्या मिस्टरांना आणायला."

सोनियाला वाटलं, आता शिव्या येतील, आणि आल्या तर त्या बरोबरच असतील.

"संगं कोन हाय?" सरूबाईनं विचारलं.

"माझे सासरे."

"पितेत का?"

"नाही."

"बरं." श्वास सोडल्याचा आवाज आला, आणि मग पाट सरकवून कुणी खाली बसल्याचा. "पोरी, फोन ठिवू नगंस. मी बी बसते."

सोनिया व्हरांड्याच्या पायरीवर बसली. स्कूटरचा आवाज येतोय का, ते दोघी ऐकत राहिल्या. फोन कानाला गरम लागायला लागला तेव्हा तिनं तो दुसऱ्या कानाला लावला.